ओठांवर बोट

म्हसावदहून शहाद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी गावं आहेत, तिथे धुडकूआबांचा चेहरा ओळखणारी माणसं थोडी आणि आवाज ओळखणारी अख्खी गावं. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, पुढे हँडल धरून बसलेला मुलगा गोपाल, मागे हातात माईक घेतलेले आबा आणि बाराही महिने त्यांच्या गळ्याभोवती मफलर. उद्या नळाला पाणी येणार नाही, पोलिओचा डोस शाळेत आहे, कुणाची म्हैस दावं तोडून गेली आहे, कुणाकडे दशक्रिया आहे, सगळं गावाला आबांच्या तोंडून कळायचं. मरणाची बातमी तर ते अशी सांगत, की गेलेल्या माणसाला कधी पाहिलं नाही असा माणूसही चपला शोधायला उठे.

अलीकडे सगळीकडे रेकॉर्डिंग निघालं होतं. पेन ड्राइव्ह लावला की गाडी आपली बडबडत फिरते. आबांना त्याचा तिटकारा होता.

"रेकॉर्डिंगले समोरना माणूस दिसस का?" ते विचारत.

आणि ते खरंच होतं. एखाद्या दारात कानामागे हात धरून उभी असलेली म्हातारी दिसली, की आबा गाडी थांबवायला लावत आणि तिच्या एकटीसाठी तीच बातमी पुन्हा, सावकाश सांगत.

हा गळा मात्र एकदा पार बसला होता. काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तिन्ही पॅनेलचा प्रचार आबांनीच केला. सकाळी एकाला निवडून आणा म्हणायचं, दुपारी दुसऱ्याला, दिवेलागणीला तिसऱ्याला. निकालाच्या दिवशी निवडून आलेल्यांचं अभिनंदन करायला माईक तोंडाशी धरला, तर आतून नुसती हवा आली. नंदुरबारच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, की स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत. बाहेर बोलणं हाच धंदा असेल, तर घरात तोंड मिटून बसा.

आबा घरी आले, त्यांनी पाटीवर खडूनं डॉक्टरांचं म्हणणं लिहिलं आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला लावलं. पण बायको मीनाबाईंनी काही विचारलं, की त्यांच्या तोंडून सवयीनं उत्तर निघून जायचं. मग त्यांनी घोगऱ्या आवाजात शेवटचा कायदा केला.

"तुम्हीन बोलशात तर माले बोलनं पडी. मंग बोलूच नका."

तेव्हापासून त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. घर गावात नव्हतं, मळ्यात होतं. चारही बाजूंनी केळी, त्यामुळे शेजारपाजारही नव्हता. हळूहळू घराची एक भाषा तयार झाली. अंगठा ओठांकडे नेला की चहा. तळहातावर तळहात फिरवला की भाकरी. गळ्यावर दोन बोटं ठेवली की आबा घरात आहेत, जपून. बोटांनी भागलं नाही, तर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. टीव्ही लागायचा, पण मुका. आबा फेरीवर गेले तरी सवय मोडत नसे, कारण ते कोणत्याही घडीला परतत आणि आल्या आल्या त्यांना झोप लागे. चहावाला लोटन त्यांचा लहानपणापासूनचा मित्र. तो चार माणसांत म्हणायचा, "धुडकूना घरमा माणसं ऱ्हातस का भुतं?" आबा हसून त्याला बोटांनीच शिवी देत.

गोपालचं लग्न झालं आणि खापर गावच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेल्यांची कामिनी या घरात सून म्हणून आली. माहेरी दिवसभर भांड्यांचा खणखणाट, गिऱ्हाइकांचा गलका, बाप एका टोकाला ओरडतोय तर आई दुसऱ्या टोकाला. इथे आल्यावर सुरुवातीचे दिवस ती रोज चोरून रडली. आपलं काय चुकलं म्हणून हे लोक आपल्याशी बोलत नाहीत, तेच तिला कळेना. आई भेटायला आली, तीही दारातच दबकली.

"पोरी, तुन्हा सासरा रागे भरेल शे का वं?"

कामिनीनं आईच्या तोंडावर हात ठेवला आणि गळ्याला दोन बोटं लावून दाखवली. आई घाबरून बसूनच राहिली. पण माणूस कशालाही सरावतो, तशी कामिनी सरावली. वर्षभरात तिच्या बोटांना घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त शब्द यायला लागले.

मग काजल झाली.

तान्हेपणी ती रडायची, हुंकारायची, सगळ्या बाळांसारखी. पाळण्यात पडल्या पडल्या 'बुबुबु' म्हणत थुंकीचे फुगे करायची. तिनं असं सुरू केलं, की मीनाबाई वाकून, डोळ्यांनी हसत, तिच्या इवल्या ओठांवर बोट ठेवायच्या. बाळाला तो खेळ वाटायचा. ती आजीचं बोट मुठीत धरून हसायची, तेही आवाज न करता. कामिनी रात्री तिला कुशीत घेऊन कानाशी कुजबुजायची, सगळे शब्द सांगायची, पण ओठांच्या बाहेर आवाज येऊ द्यायची नाही. पायांवर उभी राहायच्या आधीच काजल स्वतःच्या ओठांवर स्वतः बोट ठेवायला शिकली. पहिल्यांदा तिनं ते केलं, तेव्हा घरातली चारही माणसं कौतुकानं विरघळून गेली.

येणारा-जाणारा म्हणायचा, "काय गुणी पोर! किरकिर नाही, आरडाओरडा नाही." आबा लोटनच्या टपरीवर छाती पुढे काढून सांगत, "मन्ही नात म्हंजे शहाणपणनं गाठोडं शे. दोन वरीसनी व्हई ऱ्हायनी, पन घरमा शे का नही, पत्ता लागत नही."

त्यात चूक आहे, असं एकाही माणसाला वाटलं नाही.

थंडी सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीची रंजिताताई आबांकडे आली. गावात पालक मेळावा होता. शून्य ते सहा वयाच्या मुलांची वाढ, पहिल्या वर्षांत मेंदू किती भराभर घडतो, त्यासाठी घरात काय काय करता येतं, हे खेळांतून दाखवायचं होतं. आदल्या वर्षीही केला होता, पण चार आया आणि खाऊसाठी आलेली शाळकरी पोरं, एवढीच गर्दी झाली होती.

"आबा, यंदा तुम्ही फिरा. तुमच्याशिवाय लोक उठायचे नाहीत," ती म्हणाली आणि तिनं छापील कागद पुढे केला.

आबांनी तो वाचला. बालकांचा सर्वांगीण विकास, प्रारंभिक उद्दीपन, असं पुष्कळ काही त्यात होतं. तिला बाहेर रिक्षापाशी नेऊन, घरापासून लांब, त्यांनी तोंड उघडलं.

"ताई, हाई वाचाले मी कशाले पाहिजे? तू माले सांग, लोकेसनी करानं काय?"

"बाळाशी बोलायचं. खेळायचं. ते बडबडलं की उत्तर द्यायचं. बस्स."

"बोलानं? बस, बोलानं? आनि त्यानी करता मांडव?"

"लोक बोलत नाहीत, आबा. त्याला काय कळतंय, म्हणतात."

आबांनी कागद पुन्हा एकदा पाहिला. मग त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारापाशी गाडी उभी करून जे सांगितलं, ते पुढे कितीतरी दिवस लोकांच्या तोंडी होतं.

"माता-भगिनींनो! बाळाला बोलता येत नाही, पण बाळाला ऐकता येतं! पोटात असल्यापासून ऐकतंय ते तुमचं! तुमच्या घरात टीव्ही बोलतो. तुमच्या घरात मोबाइल बोलतो. अहो, बाळाशी कोण बोलतं? घास भरवताना बोला. न्हाऊ घालताना बोला. ते एक शब्द बोललं, तर तुम्ही दहा बोला! शुक्रवारी, शाळेच्या पटांगणावर..."

'बाळाशी कोण बोलतं' म्हणताना ते असा आवाज खाली आणत, की विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाया एकमेकींकडे बघायला लागत. एका घरी दोन जावांचं त्यावरून भांडण झालं म्हणे, की तू तुझ्या पोराशी बोलत नाहीस. आबा ते ऐकून खूश झाले. घरी येऊन त्यांनी अंगठा ओठांकडे नेला, मीनाबाईंनी चहा आणून दिला आणि काजल आजोबांच्या मांडीवर मुकाट्यानं बसून राहिली.

शुक्रवारी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुषसुद्धा आले होते. टेबलांवर घरातल्याच वस्तू मांडलेल्या होत्या. खडे भरलेले डबे, चमचे, आरसा, चिंध्यांची बाहुली, वास घ्यायला हळद नि जिरे. लोटन डबा वाजवून बघत म्हणाला, "हाई तर मन्हा नातू रोज करस. मी त्याले मारस." आजूबाजूचे हसले. रंजिताताई म्हणाली, "आता नका मारू, काका. तो अभ्यास करतोय." पुन्हा हशा झाला. एकंदर वातावरण जत्रेचं होतं आणि माईक आबांच्या हातात होता.

रंजिताताईनं विचारलं, "एखादं बाळ पुढे आणता का कुणी? बोलता बोलता शब्द कसे शिकवायचे, ते दाखवते."

आया पदराआड लपल्या. कुणी पुढे येईना. तेव्हा आबांनी माईकवरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, अभिमानानं सांगितलं, "लाजता कशाला? माझी नात घ्या. कामिनी, आण गं तिला."

कामिनी काजलला घेऊन पुढे आली. पिवळा फ्रॉक, डोळ्यांत काजळ, गालाला तीट. रंजिताताईनं तिला टेबलावर बसवलं आणि हातात केळं धरलं.

"काजलबाई, हाई काय शे? सांग बरं माले?"

काजलनं केळ्याकडे पाहिलं. मग रंजिताताईच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, निरखून. आणि तोंड उघडून ओठ हलवले. आवाज आला नाही.

"मोठ्यानं सांग ना, बेटा."

पुन्हा ओठ हलले. ओठ ताणले गेले, जीभ टाळूला लागली. समोर बसलेल्या बायांना स्पष्ट कळलं, की पोरीनं 'केळं' म्हटलं आहे. पण त्या बंद काचेआडून बघत असाव्यात, तसं ते होतं.

"लाजस ती," मागून कुणी म्हणालं.

रंजिताताईनं आरसा दाखवला. काजलनं बोटानं स्वतःला दाखवलं आणि ओठ हलवले. बाहुली दाखवली, ओठ हलवले. प्रत्येक शब्द तिला येत होता आणि एकाही शब्दाला आवाज नव्हता. रंजिताताईचं हसू हळूहळू उतरत गेलं. ते पाहून आबांना राहवेना. ते माईक घेऊन पुढे झाले आणि त्यांच्या त्या नेहमीच्या, पंचक्रोशीला उठवणाऱ्या आवाजात म्हणाले, "काजल! बोल ना, बाळा! आजोबाचं नाव काय?"

पोर दचकली. तिनं आजोबांकडे डोळे मोठे करून पाहिलं, जणू हा कुणी परका माणूस आजोबांचा मफलर घालून आला आहे. मग तिनं पटकन एक हात गळ्याशी नेऊन दोन बोटं टेकवली, दुसरं बोट ओठांवर ठेवलं आणि भुवया उंचावून आजोबांना दटावलं.

पटांगण हसून फुटलं.

"देखा! नात तर आबालेच चूप करी ऱ्हायनी!" लोटन ओरडला.

आबाही हसले. पण हसता हसता त्यांनी पाहिलं, की काजल आता गर्दीकडे वळली आहे. ती एकेका बाईकडे बघत होती, ओठांवर बोट तसंच होतं, आणि दुसऱ्या हातानं ती सगळ्यांना खाली, खाली, हळू, असं खुणावत होती. एवढ्या माणसांचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. ती घाबरली होती. मग ती रडायला लागली. ओठ वेडेवाकडे झाले, छाती हलायला लागली, गालांवरून पाणी वाहायला लागलं, आणि तेही सगळं नि:शब्द.

हशा पुढच्या रांगेपासून विझत मागे गेला. भोंग्यातून फक्त आबांच्या श्वासाचा आवाज येत राहिला, कारण माईक त्यांच्या हातात तसाच होता.

कामिनीनं झडप घालून पोरीला उचललं आणि ती चालू लागली.

आबांना पहिल्यांदा राग आला तो रंजिताताईचा. "मन्ही नातना तमाशा कया तुन्ही," एवढं तिला ऐकवून ते निघाले. ती मागे धावत आली. "आबा, आधी तिचे कान तपासून घ्या. राग नंतर करा." त्यांनी वळून पाहिलं नाही. पण कान हा शब्द त्यांच्या डोक्यात रुतून बसला. पोर बहिरी असेल. असंच असणार. नाहीतर शब्द येतात आणि आवाज येत नाही, हे कसं? घरी पोचेपर्यंत त्यांना ते जवळजवळ पटलंही होतं, आणि त्यात, हे त्यांचं त्यांनाच नंतर भयंकर वाटलं, थोडा दिलासाही होता. कानाचा दोष म्हणजे कुणाचाच दोष नाही.

नंदुरबारला कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काजलला झोपवून, डोक्याला तारा लावून तपासलं. मग ती जागी झाल्यावर तिच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला, चिठोरी चुरगाळली, अगदी हलकेच टिचकी मारली. प्रत्येक वेळी काजल वळली.

"कान उत्तम आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उलट फारच बारीक ऐकते ही. घरात कोण कोण आहे?"

चौघंही आले होते. आबा, मीनाबाई, गोपाल, कामिनी.

"दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?"

मीनाबाईंनी स्वतःच्या छातीला बोट लावलं.

"बरं. मग तुम्ही हिच्याशी काय काय बोलता?"

मीनाबाईंनी आबांकडे पाहिलं. आबांनी गोपालकडे. गोपालनं तळहात उलटा करून कामिनीला खूण केली, तू सांग. कामिनीनं ओठ हलवले. ती काय म्हणाली, ते घरच्या तिघांना कळलं. डॉक्टरीणबाईंना काहीच ऐकू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या चौघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"तुमच्यापैकी कुणाला बोलता येत नाही का?" त्यांनी विचारलं.

 धुडकूआबांना वाटलं, कुणीतरी त्यांच्या घराची भिंत पाडली आहे आणि सगळे लोक आत बघताहेत. ज्याच्या आवाजानं चाळीस गावं जागी होतात, त्याच्या घरच्या माणसांना एक परकी बाई विचारते आहे, की तुम्ही मुके आहात का. आणि उत्तर द्यायला कुणाच्या तोंडून आवाज निघत नाही. आबांच्या मांडीवर काजल बसली होती. तिनं या शांततेकडे समाधानानं पाहिलं. तिच्या ओळखीचं असं त्या खोलीत आता तेवढंच होतं.

शेवटी आबाच बोलले. सगळं सांगितलं. गाठी, गळा, कायदा. डॉक्टरीणबाईंनी रागावून काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "हिला काही झालेलं नाही. तुम्ही जे शिकवलंत, ते ही पुरेपूर शिकली आहे. अजून उशीर झालेला नाही, पण आता एक दिवसही घालवू नका. बोला, गाणी म्हणा, हिनं आवाज केला की आनंद दाखवा. काही महिन्यांनी मला पुन्हा दाखवा."

"आनि मन्हा गळा?" आबांच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"गळ्याचं तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या. "बाहेर वापरायचा की घरात."

परतीच्या एस.टी.त कुणी खूणही केली नाही. मळ्यात आल्यावर कामिनीनं पोरीला खाटेवर बसवलं, पाण्याचा हंडा ओसरीवर ठेवला, म्हणजे जवळजवळ आपटलाच, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्या घरात मोठ्यानं बोलली.

"मन्ही पोर मुकी नही! आपण तिले मुकं करं! ती बोलाले लागनी का आपण व्हटवर बोट ठेवं!"

आबा भिंतीला टेकले. "मन्हा गळा शे म्हनीसन तुम्हले सांगं व्हतं मी. पोरले चूप करा, आसं कधी सांगं?"

"पोरले तरी येगळं काय सांगतस आम्ही, आबा? पोरगी म्हंजे काय घरना भायेरनी शे?"

मीनाबाईंनी सुनेला गप्प करण्यासाठी बोट उचललं होतं. ते बोट त्यांनी पाहिलं आणि साप दिसावा तसा हात झटकला. मग पदर तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या. हे बोट त्यांनीच ठेवलं होतं, रोज, प्रेमानं. "माले वाटनं ती हासस..." त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चरचरत, अडखळत आला. आबांना तो ओळखता आला नाही. आपल्या बायकोचा आवाज असा म्हातारा कधी झाला? लग्नात उखाणा घेताना खणखणीत होता. कायदा केल्यापासूनची सगळी वर्षं त्यांनी तो ऐकलाच नव्हता.

ते उठून बाहेर गेले. केळीच्या कडेला उभं राहून त्यांनी आपल्या घराकडे कान लावला. कामिनी बोलायची थांबली होती. आतून काहीही येत नव्हतं. भांडं नाही, हाक नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, घर बंद करून लोक गावाला गेले आहेत. आणि त्या घरात एक दोन वर्षांचं मूल होतं. आपलेच शब्द त्यांच्या कानांत, भोंग्यातून यावेत तसे, येत राहिले. बाळाशी कोण बोलतं?

दुसऱ्या दिवशी ते रंजिताताईकडे गेले. तिला वाटलं, भांडायला आले. ते म्हणाले, "ताई, रेकॉर्डिंग करी ले मन्हं."

"रेकॉर्डिंग? तुमचं?"

"तुन्हा मेळावाना, लसना, पाणीना, बठ्ठं. एकदाव बोलस, मंग गोपाल फिराई गाडी. मन्हा गळा आते घरमा लागनार शे."

 लोटनला हे कळलं, तेव्हा त्यानं थट्टा सोडून, न मागता चहा पुढे केला.

बोलायचं ठरवणं सोपं होतं. बोलता येईना. मीनाबाई काजलसमोर बसून तोंड उघडत आणि ओशाळून मिटत. गोपाल मोबाइल कानाला लावल्यासारखं करून बोलून बघायचा, म्हणजे मग त्याला जमायचं. आबांची गत तर वेगळीच. जन्मभर ते हजारांशी बोलले होते. एकाशी कसं बोलायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. नातीला घास भरवताना त्यांच्या तोंडून आलं, "सर्वांना कळवण्यात येतं, की हाई भाकर शे!" कामिनीला हसू फुटलं. आबाही वरमून हसले. "सगळ्यांनी लक्ष द्या, वरणभात येतोय," ते पुढे म्हणाले. काजलनं दरवेळी तेच केलं. गळ्याला दोन बोटं, ओठांवर एक. तिला आजोबांची काळजी वाटत होती. आबा ते बोट हळूच खाली घेत आणि बोलत राहत. ते पुन्हा वर जाई. ते पुन्हा खाली घेत.

असे कितीतरी दिवस गेले. कामिनी भांडी मुद्दाम आपटायला लागली. मुका टीव्ही बंदच झाला. एकदा मीनाबाईंनी केळीत काम करणाऱ्या गोपालला हाक मारली आणि आपल्याच हाकेनं त्या दचकल्या. आबांचा गळा बसायला लागला. संध्याकाळपर्यंत तो घोगरा होई, सकाळी थोडा सुटे. कामिनी म्हणाली, "आबा, तुम्हीन आराम करा, आम्ही बोलतस." त्यांनी मान हलवली. नातीला हा आवाज आजोबांचा म्हणून ओळखू यायला हवा होता. भर पटांगणात ती त्यांच्याकडे परक्यासारखी बघत होती, ते डोळे त्यांच्या मनातून जात नव्हते.

काजल मात्र ओठच हलवत राहिली. रात्री अंथरुणात पडल्यावर आबांना धास्ती वाटे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उशीर झालेला नाही. त्यांना तरी काय खात्री?

एका दुपारी आबा ओसरीवर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. गळा अगदीच बसला होता, म्हणून ते गप्प होते. मीनाबाई शेंगा सोलत होत्या. लांब रस्त्यावर, केळीच्या पलीकडे, गोपालची रिक्षा आली. वाऱ्यावर भोंगा ऐकू यायला लागला.

"माता-भगिनींनो! बाळाला बोलता येत नाही, पण बाळाला ऐकता येतं..."

काजलनं कान टवकारले. सवयीनं तिची दोन बोटं आजोबांच्या गळ्याकडे गेली आणि टेकली. मग ती थबकली. गळा हलत नव्हता. तिनं आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. आवाज तर येत होता, तोच, घास भरवतानाचा. तिनं केळीकडे पाहिलं, पुन्हा मिटलेल्या तोंडाकडे. तिचा चेहरा इतका गोंधळला, की आबांना हसावं की काय करावं कळेना. तिच्या आजोबांना कुणीतरी तिकडे रस्त्यावर घेऊन चाललं होतं, आणि आवाज लांब लांब जात होता.

ती मांडीवरून उतरली. ओसरीच्या कडेला जाऊन उभी राहिली. छाती फुगली.

"आऽबाऽ!"

झाडावरची पाखरं उडाली. कामिनी आतून पिठाच्या हातांनी धावत आली आणि दारातच खिळली. तो आवाज लहान मुलाचा वाटतच नव्हता. भरदार, थेट आणि सगळा केळीच्या पार जाणारा, पंचक्रोशीनं ओळखावा असा. तो कुणाचा आहे, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. पोर स्वतःही दचकून आपल्या तोंडाला हात लावून बघत होती.

मीनाबाईंच्या हातातली शेंग पडली. त्यांचा हात आपसूक वर गेला, बोट सरळ झालं, काजलच्या ओठांच्या दिशेनं निघालं, आणि मध्येच थांबलं.  मग त्यांनी तो हात खाली आणून आपल्या दुसऱ्या हातानं गच्च धरला.

काजल आजीकडे बघत होती. बोट आलं नाही, हे तिनं पाहिलं.

"आऽबाऽ!" ती पुन्हा ओरडली, केळीकडे तोंड करून.

"ओऽ!" धुडकूआबा तिच्या मागून ओरडले. गळा फाटला, कळ थेट कानापर्यंत गेली.

ती गर्रकन वळली. आवाज इथेच होता.

तिनं पुन्हा हाक मारली. त्यांनी पुन्हा ओ दिली. मग ती मारतच राहिली, एकामागून एक, थकेपर्यंत, आणि आबा प्रत्येक हाकेला ओ देत राहिले. मीनाबाईंनी एकदा त्यांच्या गळ्याकडे काळजीनं पाहिलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांना आठवण झाली, आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या,

"पाणी आणू का?"